एक निरोगी माणूस कमी

"यात एक निरोगी माणूस कमी आहे," हिशेबनीस म्हणाली.

ती खरं म्हणजे हिशेबनीस नव्हती, संख्याशास्त्रज्ञ होती. पण प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचे आकडे चाळून काढायचं काम तिच्याकडे असल्यामुळे हे नाव तिला चिकटलं होतं आणि तिनेही ते कधीच मनाला लावून घेतलं नव्हतं. बैठकीच्या खोलीत पडदे ओढलेले होते, भिंतीवर त्याचा, म्हणजे ज्याचं हे संशोधन होतं त्याचा, आलेख होता. डावीकडे आजारी माणसांचे ठिपके, उजवीकडे निरोगी माणसांचे. आजारी वर, निरोगी खाली आणि मधे एक कोरी पट्टी. त्या कोऱ्या पट्टीत त्याची गेली काही वर्षं गेली होती. इतर लोक आलेखात ठिपके बघतात, तो ठिपके नसलेली जागा बघायचा. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर तर पाहुणे आले की यंत्रं दाखवायच्या आधी ही पट्टी दाखवत. आता पुढच्या आठवड्यात शोधनिबंध पाठवायचा होता, सगळ्यांच्या हातात चहा होता, आणि हिने हे काढलं.

"कमी कसा असेल?" सरांनी विचारलं.

"रक्त घेतलेल्यांत आहे, आलेखात नाही. वगळलाय. कारण दिलंय, नमुना बिघडलेला. बिघडला म्हणजे नक्की काय झालं? नळी फुटली, रक्त सांडलं, की नुसता आवडला नाही?"

सगळे हसले. तोही हसला, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की आपण कप तोंडाजवळ नेऊन तसाच धरून ठेवलाय. त्याला तो ठिपका आठवत नव्हता. मग आठवला. निरोग्यांचा होता आणि वर जाऊन बसला होता, थेट आजाऱ्यांच्या रांगेत, पंगत चुकलेल्या पाहुण्यासारखा. नमुन्यांची अदलाबदल झाली असणार, नाहीतर चाचणीच्या प्लेटवरच्या त्या खड्ड्यात शेजारचा थेंब उडाला असणार, असं त्याने मनाशी म्हटलं होतं. अशी पन्नास कारणं असतात आणि बहुतेक वेळा त्यांतलं एखादं खरंच असतं.

"पुन्हा चाचणी केली होती?" हिशेबनीसने विचारलं. आवाजात आरोप नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"नाही," तो म्हणाला. "घाईत होतो त्या दिवशी. घर बदलत होतो."

"मग आज करून टाक की," सर म्हणाले. "मूळ रक्त फ्रीजरमध्ये असेलच. खराबच निघेल, पण परीक्षकांनी विचारलं तर तोंड राहील."

विषय तिथे संपला. पुढे कुणीतरी आलेखाच्या रंगांबद्दल बोलू लागलं. त्याला मात्र आपण आत्ताच म्हटलेलं वाक्य ऐकू येत राहिलं. घर बदलत होतो. खोटं नव्हतं ते. पण इतक्या दिवसांत ते दोन दिवस त्याने मनात एकमेकांशेजारी ठेवले नव्हते; घर बदललं तो दिवस एका कप्प्यात होता, ठिपका वगळला तो दुसऱ्या, आणि आता त्यानेच स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की तो एकच दिवस होता.

त्याचं काम थोडक्यात सांगायचं तर चहाडी ऐकण्याचं होतं. विषाणू शरीरात शिरला की ताप यायला, घसा धरायला, अंग मोडून यायला वेळ लागतो. तोवर माणूस ठणठणीत असतो, निदान स्वतःच्या मते. बाजारात जातो, भांडतो, हसतो. पण त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना सुगावा लागलेला असतो आणि त्यांच्यात धावपळ सुरू झालेली असते. एरवी गप्प असलेली काही जनुकं जागी होतात, त्यांचे संदेश भराभर तयार व्हायला लागतात. ते मोजता आले तर आजार ताप येण्याआधीच पकडता येतो. विषाणू कुठला ते कळलं नाही तरी घरात कुणीतरी शिरलंय एवढं कळतं. असे मोजके संदेश त्याने शोधून काढले होते. हे एकदा तो ताईला समजावून सांगत होता, तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, कळलं. मग पुढे काय? औषध आहे का त्याच्यावर?"

"सगळ्यांवर नाही."

"मग कळून काय उपयोग?"

"माणूस घरी बसेल. दुसऱ्याला देणार नाही. विश्रांती घेईल."

"एवढ्यासाठी एवढी यंत्रं? विश्रांती घे म्हणून आई फुकट सांगायची, शहाण्या."

ताई त्याला शहाण्याच म्हणायची. तो शाळेत पहिला आला तेव्हापासून म्हणायची आणि त्यात कौतुक किती, चेष्टा किती, हे त्याला अजून ठरवता आलेलं नव्हतं. ती स्वतः तरण तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. खांदे रुंद, केस कायम ओलसर, आणि आवाज असा की तलावाच्या दुसऱ्या टोकाला बुडी मारलेल्या पोराला पाण्याखाली ऐकू जावा. घरात काहीही जड उचलायचं असलं की लोक आधी तिच्याकडे बघत आणि मग त्याच्याकडे, आणि मग पुन्हा तिच्याकडेच. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्यालाही नाही.

निरोगी माणसांचं रक्त ही प्रयोगशाळेची कायमची रड होती. आजारी माणसांना तोटा नसतो, ती आपण होऊन दवाखान्यात येतात. धडधाकट माणूस मात्र सुई दिसली की पाय काढता घेतो. म्हणून जो तो आपापली माणसं पकडून आणायचा. कुणाची भावजय, कुणाचा मेहुणा, कुणाचा घरमालकसुद्धा. त्याने ताईला आणलं. घर बदलायच्या आदल्या दिवशी ती त्याच्या घरच्या सामानाची बांधाबांध करायला आलीच होती, वाटेत अर्धा तास इथे ये म्हणाला. तिने बाही वर केली, सुईकडे न बघता भिंतीवरचे तक्ते वाचत बसली, आणि नळी भरल्यावर तिच्यावर नुसता क्रमांक चिकटवलेला बघून म्हणाली, "नाव नाही? तुरुंगात टाकताय का मला?"

"कुणाचं रक्त आहे ते आम्हाला कळू नये म्हणून."

"का? कळलं तर काय होईल?"

"मग आपण आपल्याला हवं तेच बघतो."

"आणि नाही कळलं तर हवं ते बघत नाही होय?" असं म्हणून ती हसली होती, आणि टेबलावरचं पेन उचलून तिने नळीच्या झाकणावर काहीतरी गिरवलं होतं. "राहू दे. माझं हरवू नकोस म्हणजे झालं." त्याने बघितलंही नव्हतं काय गिरवलं ते. दारात पुढचा माणूस उभा होता.

फ्रीजरची खोली तळघरात होती. तिथे एवढा गोंगाट असायचा की आत गेलं की माणूस आपोआप गप्प व्हायचा. त्याने जाड हातमोजे चढवले, दार ओढलं, पांढरी वाफ पायांवर सांडली. खण, खणातला डबा, डब्यातली नळी. कागदावर लिहून आणलेला क्रमांक दोनदा बघायची त्याची सवय होती. पण नळी उचलली आणि क्रमांकावरचं हिमाचं पांढरं अंगठ्याने पुसायच्या आधीच त्याला झाकण दिसलं. झाकणावर मांजर होती. दोन कान, तीन तीन मिशा, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. एक मिशी अर्धवट पुसली गेली होती.

लहानपणी घरात दोघांच्या वस्तू एकाच कपाटात असायच्या आणि ताई आपल्या प्रत्येक वस्तूवर ही मांजर काढायची. पट्टीवर, डब्यावर, छत्रीच्या मुठीवर. मांजर असली की तिचं, नसली की त्याचं. एकदा त्याने तिच्या रंगपेटीवरची मांजर ओल्या फडक्याने पुसून टाकली होती आणि माझीच आहे म्हणून शपथ घेतली होती. आईने त्याचं खरं मानलं होतं, कारण तो शहाणा होता. ही गोष्ट आठवायला वर्षानुवर्षं त्याला काही कारण पडलं नव्हतं. आता ती आली आणि फ्रीजरच्या दारात त्याच्याशेजारी उभी राहिली.

नळी परत ठेवून देता आली असती. रक्त खराब झालं होतं, गाठी झाल्या होत्या, मधे वीज गेली होती. काहीही सांगितलं असतं तरी कुणी तपासायला खाली आलं नसतं. आणि खराब निघाली असती तर बरंच होतं की. तो मनापासून तशी आशा करू लागला. खराब असू दे, देवा, सगळं नासलेलं असू दे. मग त्याला कळलं की आपण बहिणीचं रक्त नासलेलं असावं म्हणून प्रार्थना करतोय. दार फार वेळ उघडं राहिल्यामुळे फ्रीजर ओरडायला लागला, तेव्हा त्याने ते ढकलून लावलं. नळी हातातच होती.

वर येऊन त्याने स्वतःच सगळं केलं. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "द्या इकडे, मी लावते, तुमचा हात आता बसलेला नाही," आणि ते खरं होतं, पण त्याने मान हलवली. रक्त वितळवलं, पेशी फोडल्या, संदेश वेगळे केले, प्लेटच्या खड्ड्यांत थेंब टाकले. यंत्राचं झाकण लावल्यावर करण्यासारखं काही उरत नाही. पडद्यावर रेघा येतात, सगळ्या आधी तळाशी आडव्या सरपटतात आणि मग एकेक करून उठायला लागतात. ज्या रक्तात संदेश जास्त, त्याची रेघ लवकर उठते. निरोग्यांच्या उशिरा उठतात. उठेपर्यंत बसायचं. त्याच्या धंद्यातला हा वेळ त्याला एरवी आवडायचा, कारण या वेळात माणूस निर्दोष असतो. जे काय आहे ते ठरून गेलेलं असतं, फक्त दिसायचं असतं. आज तोच वेळ त्याला खायला उठला.

त्या दिवशीही तो असाच बसला होता. सामानाचा ट्रक घरी लागला होता आणि तो मात्र इथे होता, कारण प्लेट आदल्या संध्याकाळीच तयार करून ठेवली होती आणि ती वाया घालवणं जिवावर आलं होतं. बायको आणि ताई आहेत, हमाल आहेत, आपण तासाभरात पोचू. रेघा उठल्या. सगळं छान. आजारी लवकर, निरोगी उशिरा. आणि मधेच ही एक. त्याने यादीत तिच्यावर बाण नेला. तेवढ्यात फोन वाजला आणि त्याने तो खांद्याने कानाशी दाबून धरला.

"अरे, तुझ्या या खोक्यात काय दगड भरलेत का?" ताईचा आवाज. धापा टाकत होती आणि हसत होती. "हमाल म्हणतायत लिफ्ट बंद आहे, हे आम्ही नेणार नाही. मी निम्म्यावर आणलंय. तिसऱ्या जिन्यावर बसलेय त्याच्यावरच."

"जुनी नियतकालिकं आहेत."

"फेकून दे की मग."

"फेकायची नाहीत, लागतात." हे म्हणताना त्याचे डोळे पडद्यावर होते. "मी आलोच. तू चढव तोवर."

तू चढव तोवर. आणि त्याने बटण दाबलं. यंत्राने विचारलं, नमुना वगळायचा? कारण? त्याने पहिलं दिसलं ते कारण निवडलं. ठिपका आधी राखाडी झाला, मग दिसेनासा झाला, आणि पट्टी कोरी झाली. पट्टी कोरी झाल्याचं समाधान त्याला आजही हुबेहूब आठवत होतं, ओला ओटा पुसून काढल्यावर वाटतं तसलं. फोनमध्ये ताई म्हणाली, "बरं बाबा, चढवते," आणि उठताना "हुश्श" म्हणाली.

नंतरचं सगळ्यांना माहीत होतं. ती घरभर फिरली, कपाटं सरकवली, पडदे लावले, दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेली आणि आल्यावर पुन्हा याच्या घरी खोकी फोडायला आली. मग ताप आला. शिफ्टिंगचा शीण असेल, असं सगळ्यांनी म्हटलं. त्यानेही म्हटलं. विषाणूंवर आयुष्य घालवलेल्या माणसाने फोनवर बहिणीला सांगितलं की जरा पड, बरं वाटेल. मग एके दिवशी ती तलावाच्या कपडे बदलायच्या खोलीत कोसळली. हृदयाच्या स्नायूला सूज, डॉक्टर म्हणाले. विषाणूमुळे येते कधीकधी, साध्या सर्दीतापाच्यासुद्धा. त्यांनी कागदावर हृदय काढलं आणि त्याची भिंत पेन्सिलने गिरवून गिरवून जाड केली. "सुरुवातीच्या दिवसांत फार श्रम झाले का? हो ना? तेच. तेव्हा विश्रांती मिळाली असती तर कदाचित इतकं वाढलं नसतं." ताई वाचली. पण पोहणं बंद, जिना हळू, भाजीसुद्धा दोन्ही हातांत वाटून. तलावावर ती अजून जाते, खुर्ची टाकून काठावर बसते आणि बसल्या जागेवरून शिकवते. डॉक्टरांचा तो ‘कदाचित’ त्याने तेव्हापासून जपून ठेवला होता. कदाचित म्हणजे नक्की नाही. शास्त्रात एका माणसावरून काही म्हणता येत नाही. विश्रांती घेऊनही असंच झालं असतं, कोण सांगणार. तो असं स्वतःला समजवायचा आणि त्यात चूक काहीच नव्हती. फक्त ते खोकं अजून गॅलरीत होतं. दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. बायकोने त्याच्यावर कुंडी ठेवली होती.

पडद्यावर रेघ उठली. बाकीच्या तळाशी सरपटत असताना ताईची रेघ उठली आणि सरळ वर गेली. शेजारच्या खड्ड्यात त्याच रक्ताचा दुसरा थेंब होता, त्याचीही उठली. तिसरीही. काही उडालं नव्हतं, काही बिघडलं नव्हतं. ताई हसत खेळत मांजर काढत होती तेव्हाच तिच्या पेशी जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, आणि त्याने शोधलेल्या संदेशांनी ते ओरडणं जसंच्या तसं टिपलं होतं. आणि त्याला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला, छातीत भरून आला, खुर्चीतून उठावंसं वाटलं. लागली! चाचणी लागली! ताप यायच्या आधी लागली! ज्यासाठी एवढी वर्षं घातली ते हेच होतं. पुढच्याच क्षणी त्या आनंदाचं काय करावं हे त्याला कळेना. तो त्याला लपवताही येईना आणि थुंकूनही टाकता येईना. आपण इतके नीच असू असं त्याला वाटलं नव्हतं.

"लागला निकाल?" मागून सरांनी विचारलं. ते आणि हिशेबनीस दोघंही आत आले होते. सर पडद्याकडे बघत राहिले. "अरेच्चा. मग हा माणूस निरोगी नव्हताच. नंतर काही झालं का याला, शोधून काढता येईल?"

"झालं," तो म्हणाला. "माझी बहीण आहे."

सरांना ताईचं आजारपण ठाऊक होतं. ते तिला दवाखान्यात बघूनही आले होते. त्यांनी चष्मा काढला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माणूस वाईट नव्हता. हात जेवढा वेळ ठेवायला हवा तेवढा वेळ ठेवला, आणि मग त्यांच्या डोळ्यांत तेच आलं जे मघाशी याच्या छातीत आलं होतं. "पण तुझ्या लक्षात येतंय का," ते हळूच म्हणाले, "सगळ्या आलेखात असा दुसरा ठिपका नाही. लक्षणांच्या आधीचं रक्त. बाकी सगळे ताप आल्यावर आलेले. हा एकच ठिपका सगळं सिद्ध करतो. तो आता आत घ्यायचा."

"आणि वगळला होता ते?" हिशेबनीसने विचारलं.

"वगळला होता, तपासला, परत घेतला. एवढं पाल्हाळ कशाला लावायचं? लक्षणांपूर्वी ओळखता आला, एवढं वाक्य पुरे. खोटं काय आहे त्यात?"

खोटं काहीच नव्हतं. ओळखता आला. आला होताच. हिशेबनीस त्याच्याकडे बघत होती. त्याने बोलावं म्हणून नव्हे, तो काय करतो ते बघायला. तिची ती नजर त्याला सहन होईना. "मी जरा बाहेर जाऊन येतो," तो म्हणाला, आणि कोट खुंटीला न अडकवता तसाच बाहेर पडला. बसमध्ये समोरच्या बाईने त्याच्या पांढऱ्या कोटाकडे बघून आदराने जागा दिली. तो बसला नाही. ही बाई आत्ता ठणठणीत दिसते, असं त्याच्या मनात आलं. शेजारचा हा पेपर वाचणाराही. सगळी बस निरोगी माणसांनी भरलेली होती आणि त्यांतल्या एकाकडेही त्याला नीट बघवेना.

तलावावर संध्याकाळचा वर्ग चालू होता. औषधाच्या पाण्याचा वास, छताला आपटून परत येणारा पोरांचा कालवा. ताई काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, गळ्यात शिट्टी, पायांत रबरी चपला. त्याला कोटात बघून म्हणाली, "काय रे, माझं आणखी रक्त हवंय का?"

त्याने शेजारची खुर्ची ओढली. वाटेत जुळवलेली वाक्यं एकही आठवेना. मग त्याने नुसतं सांगितलं. नळी सापडली, मांजर होती, आज पुन्हा चाचणी केली. त्या दिवशी तू रक्त दिलंस तेव्हाच तुझ्यात विषाणू होता. चाचणीत दिसला होता.

ताई एकदम वळली. "म्हणजे चालते तुझी चाचणी!" तिचा चेहरा असा उजळला की त्याला मान खाली घालावी लागली. "अरे मग? असं सुतकी तोंड काय केलंयस? एवढी वर्षं घासतोयस, पेढे आणायचे सोडून! आणि माझं रक्त! बघ, तुझ्या सगळ्या शहाण्यांत माझंच कामाला आलं." तिने पाण्याकडे बघून हाक मारली, "ए, गुडघे नको वाकवू, पाय सरळ!" आणि एवढ्याने तिला दम लागला. तिने छातीवर हात ठेवला, थोडं थांबली. ही थांबायची सवय आता तिच्या अंगवळणी पडली होती. थांबताना ती कुठेतरी दुसरीकडे बघायची, म्हणजे समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये. तेवढ्या वेळात तो मनात म्हणत होता, इथेच सोडून दे. ती खूश आहे. सर खूश आहेत. कोण विचारतंय.

"मला कळलं होतं तेव्हाच," तो म्हणाला. "म्हणजे, पडद्यावर होतं. ठिपका चुकीचा वाटला म्हणून मी काढून टाकला."

"तेव्हाच म्हणजे कधी?"

"सामान हलवलं त्या दिवशी."

ताई पाण्याकडे बघत होती. तिने एक बोट शिट्टीच्या दोरीत अडकवलं आणि सोडवलं. "मी फोन केला होता तुला," ती सावकाश म्हणाली. "जिन्यातून."

"हो."

"त्याच्या आधी काढलास की नंतर?"

"तेव्हाच. तू बोलत होतीस."

एक मूल शिडी चढून वर आलं आणि पाणी निथळत तिच्यासमोर उभं राहिलं, कानात पाणी गेलं म्हणून. तिने त्याचं डोकं एका बाजूला कलवलं, कानामागे थोपटलं, जा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो राग शोधत होता. राग सापडला असता तर धरायला काहीतरी मिळालं असतं.

"मला माहीत नव्हतं गं कुणाचं आहे ते," तो म्हणाला. "खरंच. नुसता क्रमांक होता. तुझं आहे हे कळलं असतं तर मी धावत आलो असतो. हात लावू दिला नसता त्या खोक्याला."

"ते माहितेय मला," ताई म्हणाली. "पण कुणाचं तरी होतं ना?"

पाण्यात पोरं काठाला धरून पाय मारत होती, सगळ्या तलावाला फेस आला होता. ताईने शिट्टी तोंडाला लावली. पहिली फुंकर हवेतच विरली. ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा फुंकली. आखूडशी शिट्टी वाजली आणि पोरं एकेक करून बाहेर यायला लागली. ती त्यांच्याकडे बघत ओठ हलवत होती. प्रत्येक पोर वर आलं की नाही हे ती रोज असंच बघायची. शेवटचं वर येईपर्यंत खुर्चीतून उठायची नाही.

"घाल तो ठिपका परत," शेवटचं पोर टॉवेल गुंडाळून गेल्यावर ती म्हणाली. "पण काढला होतास तेही लिही. का काढलास तेही. घाईत होतो म्हणून लिही."

"सर नको म्हणतायत."

"सरांचं मी ऐकलं. तुझं काय?"

"लिहीन," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला भीती वाटली. हलकं वगैरे काही वाटलं नाही.

तलावापासून रस्त्यापर्यंत वर जायला जिना होता. ताई उठली, पिशवी खांद्याला लावली. त्याने पिशवीसाठी हात पुढे केला, तो तिने बघितला आणि पिशवी दिली नाही. कठडा धरून ती चढू लागली. तो एक पायरी मागे राहिला. अर्ध्यावर ती थांबली आणि भिंतीवरच्या सूचना वाचत उभी राहिली, त्या तिला पाठ असणार. तोही थांबला. वरून येणारी माणसं दोघांना वळसा घालून उतरत होती.

"चल," थोड्या वेळाने ती म्हणाली, पण पाऊल उचललं नाही. तो वाट बघत राहिला.